शाळेचा आवाज बंद झाला तेव्हा

मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या बोईसरच्या सोसायटीतल्या बायकांनी मला विचारलं, "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं नेमकं करत काय होता?" रोज सकाळी पर्स आणि डबा सांभाळत मनोरच्या एसटीमागे धावताना त्यांनी मला पाहिलं होतं. मी म्हटलं, केंद्रप्रमुख होते. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कुणालाच काही कळलेलं नाही हे मला कळलं. म्हणून आधी तेच सांगते.

जिल्हा परिषदेच्या, एकमेकींच्या आसपास असलेल्या दहा-पंधरा शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या शाळांमध्ये जायचं, वर्गात मागे सतरंजीवर बसून शिकवणं बघायचं, शिक्षक कुठे अडला असेल तर हात द्यायचा, वरून आलेलं खाली पोचवायचं आणि खालचं गाऱ्हाणं वर न्यायचं, हे माझं काम. शिक्षक मला साहेबांतली समजायचे आणि साहेब शिक्षकांतली. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मी बहुधा एकटीच डबा उघडायची. पण मला हे काम मनापासून आवडायचं. दुसऱ्याचा वर्ग मागे बसून बघण्यात जी गंमत आहे ती कुठल्या नाटकात नाही, असं माझं मत आजही आहे.

शेवटच्या काही वर्षांत या कामात एक भर पडली. शिकवण्यावर ठिकठिकाणी जे संशोधन होतं, त्यातलं उपयोगाचं ते शिक्षकांपर्यंत न्यायचं. त्यासाठी आम्हाला पालघरला प्रशिक्षणाला बोलवायचे. पडद्यावर एकेक वाक्य उमटायचं, "संशोधन असं सांगतं की...", आणि आम्ही ते मुकाट्याने उतरवून घ्यायचो. मग महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक जमले की मी ते वाचून दाखवायची. या जमण्याला शिक्षण परिषद म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी तिथे खरी वाट बघितली जायची ती वडापावची.

त्या संशोधनातली एक गोष्ट मला फार भावली, कारण तिला साहित्य लागत नव्हतं आणि निधीही लागत नव्हता. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी जेमतेम एक क्षण थांबतो. लगेच स्वतःच उत्तर देतो, नाहीतर हुशार मुलाकडे वळतो. तोच शिक्षक आणखी चार-पाच सेकंद गप्प राहिला, तर एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात आणि उत्तरंही विचार करून येतात. एवढंच. विचारा आणि थांबा. मला वाटलं, याहून सोपं जगात काय असणार.

मी ते परिषदेत सांगितलं तेव्हा म्हात्रे गुरुजींनी हात वर केला. हे सफाळ्याचे. मनोरपासून आत, डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर दोन शिक्षकी शाळेत होते. तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. तरुणपणी तिथे आले ते मध्ये एकदा बदलीची पाळी आली तेवढी सोडली तर तिथेच रमले. घराजवळची शाळा मिळत असतानाही हे पुन्हा पाड्यावरच परत गेले, म्हणून त्यांच्या सौ. अजून त्यांना बोलतात. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि ती याच शाळेत काढायची असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"मॅडम, हे संशोधन केलं कुणावर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बहुतेक परदेशातल्या मुलांवर.

"मग ती मुलं लाजरी असतील. आमची पोरं एका सुरात उत्तर देतात. थांबायची वेळच येत नाही."

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न रास्त होता आणि तो माझ्या डोक्यात राहिला.

त्याच सुमारास बोईसरला एका मैत्रिणीने आपल्या वर्गात हा प्रयोग करून पाहिला. तिच्या वर्गात कारखान्यांतल्या कामगारांची मुलं, अर्धी हिंदी बोलणारी. आपण पाच सेकंद थांबतो की नाही हे कळावं म्हणून ती प्रश्न विचारून पाठीमागे बोटं मोजायची. दोन दिवसांत मुलांनी ती बोटं हेरली. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेले. तिने प्रश्न विचारला आणि अख्खा वर्ग हात उंचावून, बोटं नाचवत ओरडू लागला, एक, दो, तीन, चार, पाँच. पाचाला टाळ्या पडल्या. प्रश्न काय होता हे मैत्रिणीसकट कुणालाच आठवेना. मी हसून हसून सतरंजीवर आडवी व्हायची राहिले होते.

घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तुमची पद्धतच उलटी." ते इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्याकडे नवी कृती आली की सगळा माल तिच्यात घालत नाहीत. एक बॅच नव्या रीतीने, एक जुन्या रीतीने, मग दोन्ही तपासायच्या. "आणि तुम्ही एकदम अख्ख्या तालुक्यात ओतता," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. रागावावं की ऐकावं हे मला ठरवता येईना. शेवटी ऐकलं.

मी म्हात्रे गुरुजींच्या शाळेत गेले. शाळा दिसायच्या आधी ऐकू येई. ओढा ओलांडतानाच आवाज कानावर पडायचा. गुरुजी वाक्य अर्धं सोडायचे आणि मुलं ते पूर्ण करायची. "सूर्या नदीवरचं धरण कुठं? धाम..." की पोरं गरजायची, "णी". छप्पर हलेल असा जोर. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आपण सगळे तिच्यातूनच शिकलो. पण मला एक शंका होती. मी गुरुजींना म्हटलं, एक वाक्य मी टाकू का? ते खुशीने बाजूला झाले.

मी त्यांच्याच सुरात म्हटलं, "वैतरणा नदी डोंगरातून निघते आणि वाहत वाहत परत डोंगरालाच जाऊन मिळ..."

"ते", सगळा वर्ग आनंदाने गरजला.

गुरुजींनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. मग म्हणाले, "एकही जण समुद्र म्हणाला नाही." त्यांना लागलं होतं, हे मला दिसत होतं, आणि मला वाईटही वाटलं. पण माणूस खिलाडू. बसल्या बसल्या आमचं ठरलं. आमच्या ह्यांच्या दोन बॅचच. गणिताला प्रश्न विचारून थांबायचं, परिसर अभ्यासाला जुनीच पद्धत ठेवायची. काही आठवड्यांनी मी येऊन एकेका मुलाला ओसरीत बसवून दोन्ही विषय विचारणार. दिवाळीनंतर सुरुवात झाली.

आठवड्याभरातच गुरुजींचा फोन आला. "मॅडम, थांबता येत नाही हो. तोंड आपोआप उघडतं." ज्या माणसाचा आवाज ओढ्यापलीकडे जातो त्याला गप्प बसणं किती जड जात असेल, याचा संशोधनात कुठे उल्लेख नव्हता. उपाय त्यांनीच काढला. स्टीलची एक बाटली टेबलावर ठेवली. प्रश्न विचारायचा, पाण्याचा मोठा घोट तोंडात घ्यायचा आणि तो धरून ठेवायचा. घोट तोंडात आहे तोवर बोलायची सोयच नाही. मुलांना आधी वाटलं गुरुजींची दाढ दुखतेय. एका मुलीने घरून लवंग आणून दिली.

हळूहळू मुलांना कळलं की आता गुरुजी खरंच उत्तराची वाट बघतात. एकदा गुरुजींनी विचारलं, नऊ चिंबोऱ्या तिघांत कशा वाटाल? चिंबोऱ्या म्हणजे शेतातले खेकडे, पोरं पावसाळ्यात रोज पकडतात. घोट तोंडात घेऊन गुरुजी उभे. बराच वेळ कुणी बोलेना. मग दर्शना नावाची तिसरीतली मुलगी उठली. सुरात ओठ हलवणारी, पण एकटीने कधी अवाक्षर न काढलेली. म्हणाली, "गुरुजी, चिंबोऱ्या सारक्या नसतात. एक मोटी आली तं तिच्या दोन बारक्या धरायच्या. आधी दाखवा कशा हायेत."

गुरुजींना असं हसू फुटलं की तोंडातलं पाणी पहिल्या रांगेवर. मला हे सांगताना फोनवर ते पुन्हा हसत होते, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मॅडम, ही पोर अडीच वर्षं या शाळेत आहे, जूनपासून माझ्यासमोर बसतेय. मला तिचा आवाज माहीत नव्हता."

ठरल्याप्रमाणे मी जाऊन एकेका मुलाला विचारलं. खोटं कशाला सांगू, गणितात फार मोठी उडी नव्हती. पण उत्तर कसं काढलं हे मुलं सांगू शकत होती, आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं तेही त्यातली काही शोधत होती. परिसर अभ्यासात मी वाक्य अर्धं सोडलं की ठीक, नुसता प्रश्न विचारला की माझ्याकडे बघत बसायची. गुरुजींनी दोन्ही विषयांच्या माझ्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या आणि त्याच दिवसापासून सगळेच विषय नव्या रीतीने सुरू केले. मी खूश होऊन घरी आले आणि ह्यांना शिरा करून घातला.

इथवर सगळं छान चाललं होतं. होळी झाली आणि काशिनाथ वरठा तिघांना घेऊन माझ्या मनोरच्या कार्यालयात आले. काशिनाथभाऊ म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि दर्शनाचे वडील. दिवाळीनंतर पाड्यावरची बरीच माणसं कामाला बाहेर पडतात, तसे तेही वसईकडे बांधकामावर गेले होते आणि होळीला परतले होते. दर्शना आणि तिची आई जानकी घरीच होत्या.

"बाई, आमची शाला मेली," ते खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले.

मी त्यांना पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. माळावर राबासाठी, म्हणजे भातरोपाची जमीन भाजायला, पाला गोळा करताना, पलीकडच्या शेतात काम करताना लोकांना शाळेचा आवाज ऐकू यायचा. आवाज आला की पोरं शिकतायत हे समजायचं. आता दिवसभर चिडीचूप. काशिनाथभाऊंनी दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं होतं. गुरुजी नुसते उभे आणि पोरं नुसती बसलेली. आणि गुरुजी सारखे बाटलीतून घोट घेतायत.

"त्या बाटलीत काय हाय ते आमी इचारलां नाय," सोबतचा एकजण म्हणाला. "पण माणसां बोलतात."

मी कपाळाला हात लावला. त्या माणसाच्या ओठाला आयुष्यात कधी दारू लागली नव्हती. पण लोकांनी मनाची तयारी केली होती. शनिवारी शाळेत सभा घ्यायची, गुरुजींची बदली मागायची आणि ग्रामसभेत तसा ठराव करायचा. मी गुरुजींना कळवलं. ते म्हणाले, "मी पुन्हा पाढे मोठ्याने सुरू केले तर आजच्या आज सगळं मिटेल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण दर्शना परत गप्प बसेल." मी काहीच सुचवलं नाही. नोकरी त्यांची होती, आणि माझ्या हट्टापायी ती पणाला लागली होती, हे मला टोचत होतं.

शनिवारी ओसरीवर सभा भरली. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. आधी बाटलीचा निकाल लागला. गुरुजींनी ती काशिनाथभाऊंच्या हातात दिली, त्यांनी घटाघटा अर्धी संपवली आणि "पानी हाय" असं जाहीर केलं. हशा पिकला. मग मी उभी राहिले आणि संशोधन समजावून सांगितलं. माझं बोलणं चालू असताना पुढच्या ओळीतला एक म्हातारा झोपी गेला.

काशिनाथभाऊ उठले. रागावलेले नव्हते, उलट समजुतीनेच बोलत होते. म्हणाले, "गुरुजी, तुमी वायट नाय. पण आमी शिकलेलो नाय. पुस्तक बघून आमाला काय कलनार? आमाला कान हायेत. पोरां वरडायची ते ऐकून आमी शेतात निचिंत असायचो. तुमी ता पण बंद केलां."

हे ऐकून मी खरोखर चपापले. ज्या शाळांत ते संशोधन झालं, त्यांच्या खिडक्यांना काचा असतील आणि बाहेर रस्ता असेल. शेतात वाकलेली माणसं आपली शाळा कानाने तपासतात, हे तिथे कुणाच्या ध्यानीमनी नसणार. पण मला तर माहीत होतं. ओढ्यावरून तोच आवाज ऐकत मी वर्षानुवर्षं शाळेत जात होते, आणि तो बंद करताना पाड्याला एका शब्दाने सांगावं असं मला सुचलं नव्हतं.

गुरुजी पुढे आले. म्हणाले, "मला एकच विचारायचंय. दिवाळीपासून तुमच्या पोरांत घरी काही फरक दिसला का? चांगला, वाईट, काहीही."

काशिनाथभाऊंनी तोंड उघडलं. गुरुजींनी हात जोडून म्हटलं, "भाऊ, तुम्ही घरी नव्हता." आणि ते थांबले.

कुणी बोलेना. माणसं एकमेकांकडे बघू लागली, कुणी खाकरलं, कुणी पायाने माती उकरली. मला ते सहन होईना. काहीतरी बोलून सभा सावरावी म्हणून मी पुढे झाले, तर गुरुजींनी डोळ्यांनीच मला दटावलं. थांबायचं कसं हे मी ज्यांना शिकवलं ते मला थांबवत होते. मी गुपचूप बसले.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. जानकी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, कुणाकडेच न बघता बोलत होती.

"पोर मला इचारतं," ती म्हणाली. "आये, राब कशाला भाजतात? मी म्हटलां, भाजतात म्हनून भाजतात. मंग ती गप बसली. माझ्याकडं बगत रायली. मला वाटलां जाईल खेलायला, पन जायेच ना. मंग मी आठवून आठवून सांगितलां. जमीन भाजली की गवताचा बी मरतं, रोप जोरात येतं. मला सगलां ठाव होतां. पन मला कदी कोनी इचारलांच नव्हतां."

ती थांबली. कुणी मध्ये बोललं नाही म्हणून पुन्हा बोलू लागली. "आता रोज इचारतं. काम करता करता मी पन सांगतं. घरात आवाज हाय."

काशिनाथभाऊ बायकोकडे बघतच राहिले. त्यानंतर दुसरी बाई बोलली, मग तिसरी, मग एका आजोबांनी नातवाची तक्रार केली की तो आता सांगितलेलं मुकाट्याने ऐकत नाही, कारण विचारतो. तक्रार करताना ते हसत होते. ओसरीवर असा गलका झाला की झोपलेला म्हातारा उठून बसला. गुरुजींनी मध्येच एक तोडगाही सांगून टाकला. शाळा सुटायच्या आधी सगळ्या पोरांनी अंगणात उभं राहून पाढे म्हणायचे, ओढ्यापलीकडे जातील असे. पाढ्यांना तो सूर हवाच असतो, आणि पाड्याला पोरांचा आवाज. ते सगळ्यांना पटलं.

शेवटी समितीतल्या एकाने काम आटोपतं घ्यायला मोठ्याने विचारलं, "मंग काय, गुरुजी रेवू द्यायचे ना?"

"हो", सगळी ओसरी एका सुरात गरजली. मी टाळी वाजवायला हात उचलले.

गुरुजी म्हणाले, "असं नको. एकेकाने सांगा."

मला वाटलं, या माणसाला वेड लागलंय. मिळालेलं उत्तर घ्यायचं आणि गप्प बसायचं. पण ते एकेकापुढे जाऊन उभे राहिले आणि खरंच वाट बघू लागले. कुणी "रवा हितंच" म्हणालं, कुणी दोन शब्द जास्त बोललं, एका बाईने फक्त मान हलवली तर तिला शब्द सापडेपर्यंत ते हलले नाहीत. उन्हं डोंगरामागे गेली, माझी एसटी गेली, चहा गार झाला. कुणी उठलं नाही.

काशिनाथभाऊ सगळ्यांत शेवटी राहिले. गुरुजी त्यांच्यासमोर उभे. भाऊंनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग दर्शना दाराआड उभी होती तिच्याकडे. बराच वेळ गेला.

"माजी पोर चौथीपर्यंत हितंच हाय," ते म्हणाले. "तवर तरी जाव नका."

गुरुजींना काही बोलता येईना. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ नुसतेच हलत होते. कुणीही त्यांना घाई केली नाही.